लोणारचं विवर: दोन तासांच्या फेरीत काय हुकतं, पूर्ण दिवसात काय हाती लागतं

लोणारला येणाऱ्या बहुतेक गाड्या दोन तासांत परततात. कडेवरून हिरवट पाण्याचे फोटो, कडेजवळच्या गोड्या पाण्याच्या धारेवर हातपाय धुणं, गावातल्या दैत्यसूदन मंदिराला एक चक्कर, की गाडी शेगावच्या नाहीतर वेरूळच्या रस्त्याला. एवढ्यात तळं बघून होतं, विवर राहून जातं. जगभरचे अभ्यासक बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावाची वाट धरतात ती उल्का आदळून झालेल्या या विवरासाठी. उद्या तळं आटलं तरी ते येतच राहतील.

म्हणून हा रिव्ह्यू दगडांच्या बाजूने लिहिला आहे. भूशास्त्राचे विद्यार्थी, सहल ठरवणारे शिक्षक आणि इथे नेमकं काय घडलं हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहायचं आहे असे प्रवासी, यांना तो उपयोगी पडावा. आमचं मत आधीच सांगतो. जागा अव्वल. पोचणं आता सोपं. राहण्या-जेवणाची सोय कामापुरती. गाइडसेवा फार असमान, एखादा गाइड उत्तम तर दुसरा निव्वळ पाठ केलेल्या आख्यायिका सांगणारा. माहितीफलक या विषयाच्या मानाने अगदीच तोकडे. म्हणजे दिवस सार्थकी लागेल की नाही हे तुम्ही घरून काय वाचून आणि कोणती साधनं घेऊन निघालात यावर ठरतं.

भिंतीकडे बघताना

विवराचा सरासरी व्यास सुमारे १.८ किलोमीटर, कडेपासून तळापर्यंतची खोली सुमारे १५० मीटर. तळ्याचा पसारा साधारण १.२ किलोमीटर. ही आकडेवारी फलकावर असते, पण खरी मेख तिसऱ्या आकड्यात आहे: विवराची कड भोवतालच्या माळरानापेक्षा २० ते ३० मीटर उंच आहे. गावाकडून येताना रस्ता हलका चढ घेतो, मग एकदम समोर खोल वाटी उघडते. तो चढ गाडीतून जाणवत नाही. शेवटचा अर्धा किलोमीटर पायी चाला, मग पायांना कळतो.

जमीन नुसती खचून खड्डा पडला असता तर अशी उचललेली कड झाली नसती. खचलेल्या खड्ड्यात थर आडवे राहतात किंवा आत झुकतात. लोणारला ते बाहेर झुकले आहेत. दख्खनचा हा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या एकावर एक आलेल्या लोटांनी साचला आणि या भागात त्याचे थर जवळजवळ सपाट आहेत. विवराच्या भिंतीत असे पाच-सहा थर उघडे पडलेले दिसतात आणि कडेजवळ ते सगळे वाटीच्या बाहेरच्या दिशेला कलले आहेत, साधारण १० ते २० अंशांनी, काही ठिकाणी त्याहून जास्त. उल्का आदळण्याच्या धक्क्याने कड वर उचलली गेली आणि बाहेर मुडपली, त्याची ही खूण आहे. लोणारला येऊन एकच गोष्ट पडताळायची असेल तर ही पडताळा.

ते कसं मोजायचं? आधी थर ओळखायला हवा. लाव्हाच्या प्रत्येक थराचा माथा भोकाभोकांचा असतो, कारण वायूचे बुडबुडे वर चढून तिथेच गोठलेले असतात. त्या भोकांत पुष्कळदा झिओलाइट नावाची पांढरी खनिजं किंवा गारगोटी भरलेली दिसते. मधला भाग घट्ट, उभ्या भेगांचा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी मातीची पट्टी असते, तिला लाल बोल म्हणतात. ही पट्टी सापडली तर काम निम्मं झालं. तिच्या पातळीला समांतर एक जाड पुठ्ठ्याची वही टेकवा, वहीवर क्लायनोमीटर किंवा फोनमधलं तिरपेपणा मोजणारं अ‍ॅप ठेवा आणि वही फिरवत सर्वांत जास्त उतार कोणत्या दिशेला येतो ते पाहा. तो कोन म्हणजे नती. दहा-पंधरा मीटर अंतरावर पुन्हा मोजा, तिसऱ्यांदाही मोजा.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली म्हणजे भेगेलाच थर समजणं. बेसॉल्टच्या उभ्या आणि तिरप्या भेगा सरळ, गुळगुळीत असतात आणि मोजायला मोहात पाडतात. भोकांचा माथा किंवा लाल पट्टी जवळ नसेल तर ते मोजमाप धरू नका. दुसरी चूक भिंतीच्या आतल्या उतारावर होते. तिथले मोठे धोंडे सुटून खाली सरकलेले असतात, त्यांचा कल कोणत्याही दिशेला येतो. मोजमाप नेहमी कडेच्या माथ्याजवळ, जागचा न हललेला खडक पाहून घ्या.

होकायंत्राबद्दल एक सूचना. ते खडकाला टेकवू नका, छातीच्या उंचीवर धरून दिशा घ्या. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं आणि सुई दोन-चार सेंटीमीटरवर आली की ढळते. ‘इथे होकायंत्र चालत नाही, कारण खाली उल्का पुरली आहे’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. हाच प्रयोग अजिंठ्याच्या वाटेवरच्या किंवा सह्याद्रीतल्या कोणत्याही काळ्या पाषाणावर करून पाहा, सुई तिथेही ढळू शकते.

फेरी कशी आखावी

कडेचा परीघ हिशेबाने पावणेसहा किलोमीटर भरतो. वाट सरळ नाही, झुडपं आणि घळी टाळत वळसे पडतात, त्यामुळे सात किलोमीटरची तयारी ठेवा. थांबत, बघत, मोजत साडेतीन-चार तास. गाव आणि धार ईशान्येच्या अंगाला आहेत. सकाळी तिथून सुरुवात केली की ऊन समोरच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर पडतं आणि थरांच्या आडव्या रेषा स्वच्छ दिसतात. दुपारी बारा ते तीन भिंत सपाट दिसते, फोटोतही काही येत नाही. चारनंतर उलट होतं, पूर्वेची भिंत उजळते. म्हणून सकाळी धारेकडून पश्चिमेकडे आणि दुपारनंतर पश्चिम कडेवरून पूर्वेकडे बघायचं, हा क्रम ठेवा. दुर्बीण असेल तर जरूर न्या. थर मोजायला ती हँड लेन्सपेक्षा जास्त कामी येते.

ऋतूबद्दल नेहमीचा सल्ला ऑक्टोबर ते जानेवारी असा असतो. चालायला ते महिने चांगले, यात वाद नाही. पण पावसानंतर भिंतीवरची झाडी इतकी दाट असते की खडक झाकून जातो. पानगळ झालेल्या फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात भिंत उघडी पडते. दगड बघायला येणाऱ्यांनी तेव्हाच यावं. एप्रिल-मेमध्ये खडक आणखी उघडा असतो, पण वाटीत वारा नसतो आणि विदर्भाचा उन्हाळा अंगावर येतो. शाळेच्या सहलीसाठी तर तो काळ नकोच.

खाली उतरायचं असेल तर सकाळी लवकर. धारेजवळून उतरणारी वाट सर्वांत वापरातली. उतरायला अर्धा तास, चढायला पाऊण ते एक तास धरा. वाटेवर बारीक मुरूम आणि सुटे दगड आहेत, पावसाळ्यात शेवाळ. चपला-सँडल घालून येणारे इथेच घसरतात. घोट्यापर्यंतचे बूट घाला, माणशी तीन लिटर पाणी घ्या, कारण खाली पिण्यासारखं पाणी नाही. काठावरचा चिखल वरून कोरडा, भेगाळलेला दिसतो आणि आत गुडघाभर मऊ असतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. गेल्या काही वर्षांत पाण्याची पातळी वाढली आहे आणि काठाची जुनी वाट जागोजाग पाण्याखाली जाते, म्हणून काठाकाठाने तळ्याला फेरी मारायचा बेत स्थानिकांना विचारल्याशिवाय करू नका. हा परिसर वन्यजीव अभयारण्य आहे, बिबट्याचा वावर आहे, झाडांवर आणि जुन्या देवळांच्या कोनाड्यांत मधमाश्यांची पोळी असतात. अत्तर लावून, धूर करत किंवा आरडाओरडा करत जाऊ नये. सूर्यास्ताच्या आधी वर यायलाच हवं.

कडेबाहेर पडलेला माल

लोणारचा सर्वांत दुर्लक्षित भाग विवराच्या बाहेर आहे. आदळण्याच्या क्षणी वाटीतला खडक वर आणि बाहेर उडाला आणि चारी बाजूंना पसरला. हा थर कडेपासून सव्वा ते दीड किलोमीटरपर्यंत ओळखता येतो आणि लांब जाताना पातळ होत जातो. कडेजवळ त्याची रचना मोठी शिकवण्यासारखी आहे. मडक्यांची उतरंड उलटी करून ठेवावी तसा क्रम लागतो: जमिनीवर जो थर सर्वांत वर होता तो उडून आधी खाली पडतो, खोलातला खडक त्याच्यावर येऊन बसतो. या भल्यामोठ्या ढिगाऱ्याचा खालचा भाग न वितळलेल्या, मोडलेल्या खडकांचा आहे. त्याच्यावर जागोजाग पातळ थर आहे, त्यात वितळून गोठलेल्या काचेचे कण आणि धक्का बसलेले तुकडे मिसळलेले आहेत. भूशास्त्रज्ञांना हवा असतो तो हा वरचा थर, आणि झीज, नांगर आणि बांधकाम यांनी सर्वांत आधी जातो तोही हाच.

ओढ्याच्या कापात, रस्त्याच्या कडेला, विहिरीच्या खोदकामात हा माल दिसतो. ओळखायची खूण: धारदार कोपऱ्यांचे धोंडे, मुठीएवढ्यापासून माणसाएवढ्यापर्यंत सगळ्या मापांचे, मातीत कसेही रुतलेले, एकाची भोकं वर तर शेजारच्याची खाली. मूळ जागच्या बेसॉल्टमध्ये अशी सरमिसळ नसते.

इथे हमखास होणारी फसगत अशी. दख्खनभर बेसॉल्ट कुजताना गोल धोंडे तयार होतात, त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे निघतात. लोणारच्या आसपासही ते आहेत आणि सहलीतली मुलं तेच ‘आकाशातून पडलेले दगड’ म्हणून हातात घेतात. पापुद्रे निघत असतील आणि पापुद्र्यांच्या मध्ये पिवळसर माती असेल, तर ते पाण्या-हवेचं काम आहे, आघाताचं नाही. शिक्षकांनी हे दोन प्रकार शेजारी शेजारी दाखवावेत. धडा म्हणून एवढी सोपी आणि स्वच्छ तुलना दुसरीकडे मिळणं अवघड.

यातला बराच भाग अभयारण्याच्या हद्दीबाहेर, शेतांत आहे. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. पीक उभं असेल तर बांधावर रचलेले धोंडे बघूनही काम भागतं. हातोडी आणू नका. लोणार हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जाहीर केलेलं राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे आणि अभयारण्यातून दगड, माती, पाणी काहीही परवानगीशिवाय नेता येत नाही. संशोधनासाठी नमुने हवे असतील तर वनविभागाची लेखी परवानगी सहलीच्या कितीतरी आधी मागावी लागते. दहापट मोठं दाखवणारी साधी हँड लेन्स आणि फोनचा कॅमेरा, एवढ्यावर दिवसभराचं निरीक्षण होतं. फोटोत दगडाशेजारी नाणं किंवा पेन ठेवायला विसरू नका, नाहीतर घरी गेल्यावर धोंडा केवढा होता ते सांगता येत नाही.

काच, आणि ती इतकी महत्त्वाची का

सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली. त्याच्याही आधी पुराणांत लवणासुराच्या कथेच्या रूपाने ती होतीच. पुढे दीर्घकाळ हे ज्वालामुखीचं काम मानलं गेलं. ते मानण्यात तर्कही होता: भोवती सगळा लाव्हाचाच खडक असताना वेगळं कारण शोधायचं कशाला? अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी तर १८९६ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या विवराचा विचार करताना लोणारचा दाखला दिला होता आणि वाफेच्या स्फोटाकडे कल दाखवला होता. आज ती दोन्ही विवरं आघाताची म्हणून सिद्ध आहेत.

निकाल लागला तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलेल्या खोल छिद्रांमुळे. तळ्याखाली सुमारे १०० मीटर गाळ लागला आणि त्याच्याखाली चुराडा होऊन पुन्हा घट्ट झालेला खडक, म्हणजे ब्रेशिया. त्या ब्रेशियात मॅस्केलिनाइट सापडलं. कर्ट फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकन सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं.

मॅस्केलिनाइट म्हणजे काय, हे लोणारला जाण्याआधी समजून घ्यावं असं आम्हाला वाटतं, कारण तिथला एकही फलक ते नीट सांगत नाही. बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचं फेल्डस्पार जातीचं पांढरट खनिज असतं, बारीक काड्यांसारखं. प्रचंड दाबाची लाट त्यातून क्षणार्धात गेली की त्याची स्फटिकरचना मोडते, पण ते वितळून वाहत नाही. काडीचा आकार तसाच राहतो, आत मात्र काच झालेली असते. याला लागणारा दाब साधारण २० ते ४० गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोन ते चार लाख पट. ज्वालामुखी हा दाब देऊ शकत नाही. तो उष्णता देतो, आणि उष्णतेने झालेल्या काचेत काडीचा आकार टिकत नाही.

हे नुसत्या डोळ्यांनी किंवा लेन्सनेही ठरत नाही. खडकाचा ०.०३ मिलीमीटर जाडीचा पातळ छेद करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. साधं प्लॅजिओक्लेज दोन ध्रुवकांमध्ये फिरवलं की राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांनी उजळतं आणि विझतं. मॅस्केलिनाइट कसंही फिरवा, काळंच राहतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत लोणारचा छेद असेल तर सहलीच्या आदल्या आठवड्यात तो मुलांना दाखवावा. तो पाहून कडेवर उभं राहणं आणि न पाहता उभं राहणं यात जमीनअस्मानाचं अंतर आहे.

जगातल्या बहुतेक विवरांत आघाताचा पुरावा क्वार्ट्‌झच्या कणांत शोधतात. त्यांत एकमेकांना समांतर, अतिसूक्ष्म पट्ट्या उमटतात. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतं, त्यामुळे तो नेहमीचा मार्ग लोणारला बंद होता. पण चंद्राची काळी मैदानं आणि मंगळाचा बराच पृष्ठभागही बेसॉल्टचाच आहे. तिथल्या विवरांत काय घडत असेल ते पृथ्वीवर तपासायचं तर बेसॉल्टमधलं, फारसं न झिजलेलं विवर हवं. ते लोणारला आहे. मॅस्केलिनाइट हे खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं तेसुद्धा १८६५ मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आली होती हे पुढे कळलं. मंगळाचा दगड आणि लोणारचा दगड सूक्ष्मदर्शकाखाली एकच गोष्ट सांगतात.

काळी काच जमिनीवर दिसली तरी लगेच हुरळून जाऊ नये. भट्टीचा मळ, लाव्हाच्या थराची झटकन थंड झालेली काचेरी कड आणि आघाताची काच, तिन्ही काळी आणि चमकदार असतात. आघाताच्या काचेत पुष्कळ बुडबुडे आणि न वितळलेल्या खडकाचे कण अडकलेले असतात. तरीही खात्री छेदानेच होते. लोणारच्या मातीत १ मिलीमीटरच्या आतबाहेरचे वितळून गोठलेले गोल, थेंबासारखे कणही अभ्यासकांना मिळाले आहेत.

गाइड घेण्याआधी विचारायचे प्रश्न

गाइड जरूर घ्या. वाटा, पाण्याची पातळी, मधमाश्या आणि कोणत्या शेतातून जाता येईल, हे स्थानिक माणसालाच माहीत. पैसे तासावर ठरवू नका, फेरीवर ठरवा: ‘पूर्ण कड आणि बाहेरचे धोंडे, दुपारपर्यंत’. तासावर ठरवलं की धार, खाली एक देऊळ आणि वर, एवढ्यात दौरा आटोपतो. चाळीस मुलांची सहल असेल तर दहा-बारांचे गट करा आणि निदान दोन गाइड घ्या, कारण कडेच्या अरुंद वाटेवर शेवटच्या मुलाला पहिल्याचं काहीच ऐकू येत नाही.

पहिला प्रश्न वयाचा विचारा. ‘५०,००० वर्षं’ हे पाठ उत्तर आहे. काचेतली ऊष्मादीप्ती मोजून १९९७ मध्ये सुमारे ५२,००० वर्षं हे वय आलं. पण वितळलेल्या खडकातल्या आरगॉनच्या समस्थानिकांवरून २०११ मध्ये सुमारे ५,७०,००० वर्षं आलं, म्हणजे दहापटीहून जास्त. पहिली पद्धत काच शेवटची कधी तापली आणि त्यानंतर तिच्यात किती किरणोत्साराची नोंद साठली ते मोजते, दुसरी पोटॅशियमपासून आरगॉन किती तयार झाला ते. आमचा कल दुसऱ्या आकड्याकडे आहे. जो गाइड दोन्ही आकडे सांगतो त्याला घ्या.

दुसरा प्रश्न: ‘थर कोणत्या बाजूला झुकलेत, आणि ते कुठे नीट दिसतील?’ या प्रश्नाला हात करून जागा दाखवणारा गाइड मिळाला तर त्याला दिवसभरासाठी ठरवा.

तिसरा प्रश्न अंबर तळ्याचा, ज्याला छोटं लोणार म्हणतात. विवराच्या उत्तरेला सुमारे ७०० मीटरवर, ३०० मीटर रुंदीचा हा खोलगट भाग आहे, जवळच झोपलेल्या मारुतीचं मंदिर. उल्केचा तुटलेला तुकडा पडून तो झाला, असं सगळीकडे सांगतात. सविस्तर नकाशीकरण झालं तेव्हा तिथे आघाताचा पुरावा मिळाला नाही, ना उचललेली कड, ना स्वतःचा बाहेर फेकलेला माल. बघायला जा, पण दुसरं विवर म्हणून वहीत लिहू नका.

आणखी दोन दावे कानावर येतीलच. ‘जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं विवर’ हे खरं नाही. दक्षिण आफ्रिकेतलं व्रेडेफोर्ट आणि मेक्सिकोतलं चिक्शुलुब शेकडो किलोमीटरच्या मापातली आहेत. भारतातही मध्य प्रदेशातली ढाला रचना सुमारे ११ किलोमीटरची आहे. राजस्थानात बारां जिल्ह्यातलं रामगढही लोणारहून मोठं. पण ती दोन्ही अतिशय झिजलेली आहेत. ‘बेसॉल्टमधलं जगातलं एकमेव’ हा दुसरा दावाही तसाच सोडून द्यावा लागेल. ब्राझीलमध्ये व्हार्जेआओ आणि व्हिस्टा अलेग्रे ही विवरं बेसॉल्टमध्येच आहेत. लोणारचं वेगळेपण हे की ते तरुण आहे, वाटीसारखं साधं आहे, कड आणि बाहेरचा माल अजून शाबूत आहे. एवढं खरं पुरेसं मोठं आहे, त्याला फुगवायची गरज नाही. उल्का तळ्याखाली पुरलेली नाही हेही सांगून टाका. सेकंदाला १५-२० किलोमीटर वेगाने आलेला दगड आदळताच बहुतांशी वितळून, वाफ होऊन जातो.

पाणी, थोडक्यात

पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे, सामू (pH) पूर्वापार साडेनऊ ते साडेदहाच्या घरात मोजला गेला आहे. तळ्यातून बाहेर जाणारा ओढा नाही, त्यामुळे झरे आणि पाऊस यांनी खडकातून आणलेले क्षार वर्षानुवर्षं बाष्पीभवनाने साठत गेले. एकेकाळी इथल्या खाराचा मोठा व्यापार होता आणि त्याच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुसकी अशी नावं होती. सामू मोजायच्या कागदी पट्ट्या नेल्या तर धारेचं गोडं पाणी आणि तळ्याचं पाणी यांतला फरक मुलांना मिनिटात दाखवता येतो. पट्टी पाण्यात बुडवून ठेवू नका, क्षणभर ओली करून झटका आणि लगेच रंग जुळवा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. त्याच वर्षी तळ्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. गुलाबी रंग बघायला म्हणून कुणी निघणार असेल तर निघू नये, तो रोजचा देखावा नाही.

प्रवास, मुक्काम, जेवण

समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरा, मेहकर ते लोणार साधारण २५ किलोमीटर. जालन्यापासून सुमारे ९०, छत्रपती संभाजीनगरपासून १५० च्या आसपास. लोणारला रेल्वे नाही, गाडीने येणाऱ्यांना जालना सोयीचं. एसटी आहेत, पण पहाटे कडेवर पोचायचं तर आदल्या रात्री मुक्काम हवाच. एमटीडीसीचं पर्यटक निवास आणि गावातले लॉज हे दोन पर्याय. सुट्ट्यांच्या दिवसांत आधी नोंदणी केल्याशिवाय येऊ नका. जेवण साधं, पोटभर: भाकरी, झुणका, ठेचा, वरण-भात. सकाळी सहाला नाश्ता मिळेल असं गृहीत धरू नका. दशमी, चटणी, गूळ-शेंगदाणे सोबत ठेवा.

माहितीफलकांचं मात्र खरंच काहीतरी व्हायला हवं. कडेवर ठरावीक जागी चार फलक पुरेत: समोरच्या भिंतीचा फोटो आणि त्यावर थरांच्या रेषा, एका ठिकाणी नतीचं चित्र, एका ठिकाणी उलट्या उतरंडीचं आणि एका ठिकाणी मॅस्केलिनाइटच्या पातळ छेदाचा मोठा फोटो. मजकूर मराठीत, दहा ओळींच्या आत. एवढ्याने दोन तास थांबणाराही विवर बघून जाईल.

मुक्काम केलात तर दुसरी सकाळ गावासाठी ठेवा. दैत्यसूदन मंदिराचा दगड लेन्सखाली धरून पाहा, हात न लावता. विवराच्या भिंतीत आदल्या दिवशी पाहिलेली भोकं, पांढरा भरणा आणि घट्ट काळा भाग, सगळं तिथल्या शिल्पांतही ओळखू येतं. कोरीव काम घट्ट भागात जास्त बारीक उतरतं आणि भोकांच्या दगडात ठसठशीत, हेही डोळ्यांना दिसतं.